मोरीचे पाणी

भांडी घासणे हे काम लिहिण्याजोगे आहे, असे आजवर फारसे कोणास वाटलेले नाही. स्वयंपाकावर पुस्तके निघतात, जेवणाच्या चवीचे वर्णन करताना लेखक थकत नाहीत. परंतु जेवण आटोपल्यावर जो ढीग मोरीत जाऊन पडतो, त्याची वार्ता तेथेच संपते. पुरुषमंडळी हात धुऊन ओसरीवर येतात, मुले पांगतात, आणि खरकटी भांडी व एक बाई एवढीच आत उरतात. मी हे काम पन्नासहून अधिक वर्षे करीत आले आहे. त्यांपैकी तीस वर्षे शाळेत शिकवून घरी परतल्यावर केले. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे समजण्यास हरकत नसावी.

निमित्त घडले ते सूनबाईच्या प्रश्नाचे. मुलगा व सून नागपुरास असतात, दोघांनाही नोकरी. 2020 च्या टाळेबंदीत शहरांतून कामाच्या बाया येईनाशा झाल्या, तेव्हा आपल्या देशात भांडी धुण्याच्या यंत्राची मागणी एकाएकी वाढली. त्याच लाटेत यांच्याही घरी ते यंत्र आले. आता त्या यंत्रात घालावयाच्या वड्या दुकानात दोन प्रकारच्या मिळतात. एक साधी, आणि दुसरी हिरव्या वेष्टनातली, पानाचे चित्र असलेली, ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून अधिक किमतीची. “आई, तुम्ही विज्ञान शिकवीत होता. या महाग वड्यांत खरोखरच काही असते, की नुसते पानच?” असे तिने दूरध्वनीवरून विचारले. प्रश्न वाजवी होता. पूर्ण विचार करून सांगते, असे मी तिला म्हटले. आणि विचार करू लागले तो तो प्रश्न आमच्या गावच्या बोडीपर्यंत येऊन पोहोचला.

बालाघाट जिल्ह्यातील आमच्या बाजूस, वारासिवनीकडे, भात हेच पीक आणि भात हेच अन्न. चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. जेथे भात तेथे पाणी अडविणे आलेच. म्हणून वैनगंगेच्या या खोऱ्यात गावोगाव तलाव आणि लहान बोड्या आहेत. आमच्या आळीच्या मागे अशीच एक बोडी आहे. तिच्यात ढीवर मंडळी मासे सोडतात, शिंगाडा लावतात, आणि त्या मिळकतीवर त्यांचे वर्ष निघते. आळीतील अकरा घरांच्या मोऱ्यांचे पाणी उघड्या नालीने याच बोडीत उतरते. ही गोष्ट आम्हां सर्वांस ठाऊक होती; परंतु ठाऊक असणे आणि ध्यानात येणे यांत पुष्कळ अंतर असते.

माझ्या लहानपणी नालीतून जे वाहत असे ते राखेचे पाणी. चुलीतील राख एका मडक्यात भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवलेली असे आणि घासावयास धानाच्या तणसाचा बोळा किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. आई त्या ओल्या बोळ्यावर चिमूटभर राख घेई आणि काळीकुट्ट कढई हातासरशी उजळून निघे. त्या वेळी त्यात काही नवल वाटले नाही. पुढे शिकविताना त्यातील शास्त्र उमगले. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट नावाचा क्षार असतो. तो गरम पाण्यात उतरला आणि भांड्यावरील तेलातुपाशी त्याची गाठ पडली, की थोडा का होईना, जागच्या जागी साबण तयार होतो. राखेतील बारीक कण खरवडण्याचे काम करतात ते वेगळेच. राख पाण्यात कालवून, ते पाणी भांड्यात आटवून हा क्षार युरोपात काढीत असत, म्हणून त्याचे नाव पोटॅश पडले, आणि त्यावरून मूलद्रव्याचे नाव पोटॅशियम झाले. राख आणि भांडे, दोन्ही त्या एका नावात आहेत. धानाच्या तुसाची राख मिळाली तर घासणे आणखी सोपे होई. कारण त्या राखेत फार मोठा भाग सिलिकेचा, म्हणजे वाळूच्याच जातीच्या द्रव्याचा असतो. पितळेला व तांब्याला मात्र राखेआधी चिंच लागे. धातूवर चढलेला काळपटपणा आंबट पदार्थाने विरघळतो, क्षाराने नव्हे. (आमच्याच जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची एवढी मोठी खाण आहे, परंतु जिल्ह्यातील घराघरांतून तांब्याचे हंडे केव्हाच नाहीसे झाले, त्याला काय म्हणावे?)

हे वर्णन वाचून काही वाचकांच्या मनात जुन्या काळाविषयी ओढ उत्पन्न होईल. ती आवरून धरावी, अशी माझी विनंती आहे. राखेची थोरवी सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी राखेने भांडी घासलेली नसतात. माझ्या आईच्या बोटांच्या पेरांना हिवाळ्यात भेगा पडत. क्षार तेलाशी जे करतो तेच कातडीच्या स्निग्धतेशीही करतो. रात्री ती त्या भेगांत मोहाचे तेल भरी आणि सकाळी पुन्हा राखेत हात घाली. पुढे ॲल्युमिनियमची भांडी घरोघर आली. ती राखेने घासली की क्षाराने त्यांचा वरचा थर खाल्ला जाऊन ती काळवंडत, आणि सासू सुनेला बोल लावी, की हिला भांडी घासता येत नाहीत! दोष धातूचा व क्षाराचा होता. शिवाय आता राख आणावयाची कोठून? 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसची टाकी पुष्कळ घरांत पोहोचली. सिलिंडर परवडेनासा झाला की चूल पेटते, हे खरे. परंतु पूर्वीसारखी रोज सूपभर राख काही निघत नाही. जी निघते तीत कधी प्लॅस्टिकच्या पिशव्या, कधी रंगीत कागद जळलेले असतात. ती राख भांड्यास लावण्याच्या लायकीची नव्हे. धुराने आईचे डोळे गेले ते निराळे. तेव्हा चूल गेली याचे मला दुःख नाही. राख गेली आणि तिच्या जागी जे आले, ते काय आहे हे कोणी विचारले नाही, एवढेच माझे म्हणणे.

यंत्राची कथा थोडक्यात सांगते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईंच्या घरी नोकरांच्या हातून चिनी मातीच्या जुन्या बशांचे टवके उडत. त्या वैतागून त्यांनी स्वतःच पाण्याच्या जोरावर भांडी धुणारे यंत्र रचले. 28 डिसेंबर 1886 रोजी त्यांना त्याचे पेटंट मिळाले आणि 1893 च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले. आरंभी ते घेतले खाणावळींनी व हॉटेलांनी. घरात शिरावयास त्याला पुढे अर्धे शतक लागले. या यंत्रात हात नाही, घासणी नाही. गरम पाण्याचे फवारे आणि पूड किंवा वडी, यांनीच सारे काम करावयाचे असते. म्हणून त्या पुडीत हाताच्या साबणापेक्षा जोरकस क्षार घालावा लागतो आणि फेस मात्र होऊ द्यावयाचा नसतो. फेस झाला की फवाऱ्याचा जोर मरतो. हाताने भांडी घासावयाचा साबण त्या यंत्रात घातला तर फेस बाहेर पडून स्वयंपाकघरभर पसरतो. उलट, त्या यंत्राची पूड उघड्या हाताने वापरली तर कातडी सोलवटून निघावयाची. ॲल्युमिनियम, पितळ व तांबे यांची भांडी त्यात घालू नयेत, असे जे सांगतात तेही याच क्षारामुळे. सासूने सुनेला लावलेला तो जुना बोल आता यंत्राला लावावयाचा!

क्षाराखेरीज आणखी एका द्रव्याची गरज पडते. विहिरीचे व बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन असते. त्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते साबणाला काम करू देत नाहीत आणि काचेच्या पेल्यावर पांढरा थर सोडून जातात. हे क्षार धरून ठेवणारे एक स्वस्त आणि उत्तम द्रव्य रसायनशास्त्रज्ञांना सापडले. ते फॉस्फेट होय. दुसऱ्या महायुद्धानंतर धुलाईच्या पुडींत ते सर्वत्र शिरले. पेले लखलखीत निघू लागले. पाणी नळीतून गटारात, गटारातून नदीत आणि नदीतून सरोवरात गेले. आणि तेथे जाऊन फॉस्फेटने आपले खरे काम आरंभिले, कारण फॉस्फेट हे खतच आहे. शेतकऱ्याच्या डीएपीच्या पोत्यातील ‘पी’ म्हणजे हाच. जे शेतात धान पोसते, ते पाण्यात शेवाळ पोसते.

या गोष्टीचा निवाडा ज्या प्रयोगाने झाला, तो मी वर्गात दरवर्षी सांगत असे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने 1973 मध्ये एक लहानसे सरोवर मधोमध पडदा टाकून दुभागले. त्या सरोवराला नाव नव्हते, 226 हा क्रमांक तेवढा होता. एका भागात कार्बन व नायट्रोजन घातले. दुसऱ्या भागात तेच घातले, परंतु वर फॉस्फरसही घातला. काही आठवड्यांत फॉस्फरसाचा भाग हिरव्या रंगाने भरून गेला, आणि पडद्यापलीकडचा भाग पहिल्यासारखाच राहिला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. तोवर साबणाचे कारखानदार म्हणत, की शेवाळाचा दोष आमच्या मालाचा नाही. ते छायाचित्र प्रसिद्ध झाल्यावर असे म्हणणे अवघड झाले.

कपड्यांच्या पुडींतून फॉस्फेट लवकर हटले. भांड्यांच्या यंत्राच्या पुडीत ते बराच काळ टिकून राहिले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या स्पोकेन परगण्यात 2008 मध्ये त्यावर बंदी आली, तेव्हा तेथील लोक शेजारच्या आयडाहो राज्यात मोटारीने जाऊन जुनी पूड भरून आणीत असत. कारण नव्या पुडीने पेले धुरकट राहत. वाचून हसू येते. परंतु सीमेवर राहणाऱ्या आपणांस यात नवे काय आहे? आम्हीही एखादी वस्तू गोंदियास स्वस्त आहे असे ऐकले की गाडी पकडतोच. असो. जुलै 2010 पासून अमेरिकेतील अनेक राज्यांनी मर्यादा घातली. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2017 पासून नियम केला, की घरगुती यंत्राच्या एका धुण्याच्या पुडीत 0.3 ग्रॅमहून अधिक फॉस्फरस नसावा. पेले पुन्हा लख्ख निघू लागले, कारण कारखानदारांनी दुसरे उपाय शोधले. ते पूर्वीही शोधता आले असते.

आता बोडीकडे वळते. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिचे पाणी वाटलेल्या मुगासारखे दाट हिरवे झाले. प्रथम आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले. उन्हाळ्यात पाणी आटते व हिरवट दिसतेच. मग मे महिन्यातील एका पहाटे ढिवरांच्या घरची माणसे बोडीवर धावली. रोहू व कतला पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करीत होते आणि सूर्य वर येईपर्यंत पांढरी पोटे वर करून तरंगू लागले. मरळ तेवढे वाचले. कारण मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकतो. कोणी विष घातले, असे काही लोक बोलू लागले आणि दोन घरांत त्यावरून भांडणही जुंपले. मी बोडीवर जाऊन त्यांना समजावून सांगितले ते असे : शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, परंतु रात्री तेही श्वास घेते. त्याची दाटी झाली, त्यात मेलेले शेवाळ तळाशी कुजू लागले, की रात्रभरात पाण्यातील प्राणवायू संपतो. म्हणून मासे पहाटेच्या सुमारास मरतात. विष घालणारा मनुष्य पहाटेची वाट पाहत नाही. भांडण मिटले, परंतु ज्या घरचे मासे गेले त्या घरच्या बाईने मला विचारले, “बाई, मंग ह्या शेवाळाले खायाले कोन घालते?” याचे उत्तर मी तिच्या तोंडाकडे पाहून देऊ शकले नाही. नालीकडे बोट दाखविले. त्या नालीला माझी मोरीही मिळते.

येथे सत्य सोडून बोलू नये. आमच्या बोडीत फॉस्फेट नेऊन सोडणारी केवळ आमची भांडी नव्हेत. गुरांचे मलमूत्र, बांधावरून वाहून येणारे खत, आणि ज्या घरांच्या संडासाची टाकी नालीत सोडलेली आहे त्यांची घाण, यांचा वाटा भांड्यांच्या पाण्याहून मोठा असला पाहिजे. शिवाय भांड्यांच्या पाण्यातही पूड हा एकच अपराधी नाही. आपण ताटात उरलेला भात, भाजीचे तेल, आमटीचा गाळ सर्रास मोरीत लोटतो. ते अन्न बोडीत जाऊन कुजते आणि कुजताना प्राणवायू खाते. पुडीवर हिरवे पान आहे की नाही, याची चौकशी करणारी गृहिणी ताट न निपटता मोरीत टाकीत असेल, तर तिने अगोदर ताट निपटावे. आमच्या आजीच्या घरी तेलकट कढई प्रथम तांदळाच्या कोंड्याने पुसून घेत आणि तो कोंडा गुरांच्या आंबोणात जाई. गरिबीमुळे लागलेली ती सवय होती; पर्यावरण हा शब्द त्या घरात कोणी ऐकलेला नव्हता.

मासे मेल्यानंतर गावातील काही तरुणांनी एक उपाय सुचविला : बाजारचे सारे साबण टाकून द्यावे आणि रिठ्याने भांडी घासावी, जे झाडाचे ते निर्दोष. त्यांचा उत्साह मला आवडला. रिठा चांगलाच आहे. त्यातील सॅपोनिन फेस करते, तेल सोडविते आणि हातांना सोडा व राख यांपेक्षा सौम्य लागते. परंतु ‘जे झाडाचे ते निर्दोष’ हे वाक्य मला मान्य नाही. जंगलातील गेळफळ कुटून डोहात टाकले की मासे गुंगून वर येतात, ही मासेमारीची जुनी रीत आहे. गेळफळातील ते द्रव्यही सॅपोनिनच आहे. ते माशांच्या कल्ल्यांना इजा करते. दोनचार रिठ्यांच्या पाण्याने बोडीचे काही बिघडणार नाही, कारण सॅपोनिन लवकर विघटित होते. मात्र झाडाच्या नावावर डोळे मिटून विश्वास टाकू नये. कारखान्यातून आले म्हणून वाईट, झाडावरून आले म्हणून चांगले, ही परीक्षा आळसाची आहे. ते पाण्यात गेल्यावर काय करते आणि किती दिवस टिकते, हे पाहावे लागते. पन्नाशीच्या दशकात जो पहिला कृत्रिम फेसाळ पदार्थ जगभर वापरात आला, तो जंतूंना पचत नसे. म्हणून नद्यांवर फेसाचे ढीग साचले. पुढे जर्मनीने कायदा केला, अमेरिकेतील कारखान्यांनी 1965 मध्ये तो पदार्थ बदलला, आणि त्याच्या जागी आलेला पदार्थ, जो आजही आपल्या भांड्यांच्या वडीत असतो, तो जंतू पचवू शकतात. तोही कारखान्यातूनच आला.

मग सूनबाईच्या हिरव्या वडीत काय असते? त्या वेष्टनावर घटकांची नावे छापलेली होती. ती तिने मला वाचून दाखविली. फॉस्फेटच्या जागी सोडियम सायट्रेट, म्हणजे लिंबाच्या आम्लापासून होणारा क्षार. तोही पाण्यातील चुना धरून ठेवतो आणि जंतूंना सहज पचतो. धुण्याचा सोडा. सोडियम परकार्बोनेट, ज्यातून गरम पाण्यात डाग घालविणारे पेरॉक्साइड सुटते आणि त्याचे शेवटी पाणी व प्राणवायू होतो. आणि दोन प्रकारची विकरे. एक वरणाच्या प्रथिनांचे तुकडे करणारे, दुसरे भाताचे पिष्ट फोडणारे. पिष्ट फोडणारे याच जातीचे विकर आपल्या लाळेतही असते. भात बराच वेळ चावला की गोड लागतो तो त्यामुळेच. या यादीत मला आक्षेपार्ह काही आढळले नाही. म्हणून मी तिला सांगितले : फॉस्फेट नाही असे स्पष्ट लिहिलेले असेल, आणि घटकांची नावे दिलेली असतील, तर घे. नुसते पान छापलेले असेल तर पानाचे पैसे देऊ नकोस. आपल्या सरकारने 1991 मध्येच ‘इकोमार्क’ नावाची खूण काढली होती आणि तिचे चित्र होते मातीच्या मडक्याचे! साबण व धुलाईच्या पुडी यांचा तीत आरंभापासून समावेश होता. परंतु आमच्या बाजारात मला ते मडके कोणत्याही वडीवर दिसलेले नाही. त्या योजनेचे नवे नियम 2024 मध्ये निघाले आहेत. आता तरी मडके बाजारात उतरते का, ते पाहावयाचे.

घरी पूड बनविण्याच्या कृती हल्ली पुष्कळ फिरतात. त्यांपैकी ज्यांत टाकणखार आहे त्या टाळाव्या. युरोपात 2010 पासून तो प्रजननास घातक द्रव्यांत धरला जातो. आणि खाण्याचा सोडा व शिरका एकत्र करून जो बुडबुड्यांचा तमाशा होतो, त्यात दोघेही एकमेकांस मारून टाकतात. मागे उरते ते जवळजवळ निरुपयोगी पाणी.

सूनबाईने यंत्र वापरावे की नाही, हेही तिने संकोचत विचारले. माझ्या पिढीच्या बायका यंत्राला आळसाचे साधन समजतात, हे तिला ठाऊक आहे. मी तिला म्हटले, की खुशाल वापर. जर्मनीत बॉन विद्यापीठातील संशोधकांनी युरोपातील निरनिराळ्या देशांच्या माणसांकडून बारा जणांच्या जेवणाची भांडी हाताने धुवून घेतली, तेव्हा सरासरी शंभर लिटरांच्या आसपास पाणी लागले. यंत्राला त्याच्या मानाने थोडेच लागते. आजची चांगली यंत्रे दहाबारा लिटरांत काम करतात. अर्थात ती माणसे नळाखाली धुणारी. आमच्याकडे हातपंपावरून कळशी आणावी लागते, त्यामुळे आमचा हिशेब दोन बादल्यांत बसतो. पाणी ज्याला वाहून आणावे लागते त्याला काटकसर शिकवावी लागत नाही. परंतु खरे कारण पाणीही नव्हे. तिच्या घरी पूर्वी जी बाई येई, ती पाच घरची भांडी करी, आणि तिची बोटे मी पाहिली आहेत. ती बाई आता त्याच घरी स्वयंपाकास येते, अधिक पगारावर. स्वच्छतेची किंमत नदीने द्यावी की बाईच्या बोटांनी, असा प्रश्न पडू नये अशी व्यवस्था होत असेल, तर ती मला हवी आहे.

एक गोष्ट मात्र तिला ठाऊक नव्हती. नागपूरचे सांडपाणी नाग नदीला, ती कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. आणि बालाघाटावरून वाहत जाणारी वैनगंगा तीच. 1956 मध्ये राज्ये वेगळी झाली, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि नागपूर तिकडे गेले. पाणी मात्र एकच राहिले. गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात सासू व सून या दोघींच्या मोऱ्यांचे पाणी एकत्र येते. ती हसली, आणि मग म्हणाली, “मग आई, तुमची नाली बोडीत जाते त्याचे काय?”

त्याचे आम्ही जे केले ते सांगून थांबते. आळीतील बायांची दोन वेळा बैठक भरली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून डास हटविले, हे वृत्त आमच्यापैकी काहींनी वाचले होते. तोच उपाय आम्ही बोडीसाठी केला. दारी मीटरभर लांब, रुंद व खोल खड्डा. तळाशी मोठे दगड, वर लहान, त्यावर वाळू. तोंडाशी भोके पाडलेले एक मडके, आणि त्यात तणसाचा बोळा. तेल व खरकटे त्या बोळ्यात अडते, तो आठवड्याने काढून खताच्या खड्ड्यात टाकावयाचा. पाणी जमिनीत मुरते. आमच्या लाल मातीत लोह पुष्कळ असते, आणि लोह फॉस्फरसाला धरून ठेवते. त्यामुळे जे बोडीत गेले असते ते मातीत अडकून राहते. हातपंपापासून खड्डा पंधरा मीटर दूर ठेवला. ज्या घरांना जागा होती त्यांनी आधी पाणी अळूच्या वाफ्यातून फिरविले. परंतु सोड्याचे पाणी रोज एकाच वाफ्यात सोडल्याने माती चिकट होऊन बसते, म्हणून वाफा बदलीत राहावे लागते. वडी आम्ही बाजारचीच वापरतो. मात्र भांडे आधी भिजविले आणि निपटले की ती निम्म्यानेच झिजते, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

अकरांपैकी आठ घरांचे खड्डे झाले. दोन घरांच्या दारी खडक लागला. त्यांच्यासाठी सामाईक खड्डा परसाच्या टोकाला खणावयाचा आहे. अकराव्या घराचा उतार उलट्या दिशेस असून त्यांचे पाणी आजही थेट बोडीत पडते. त्यांना पाईप टाकावयाचा तर तो ढिवरांच्या अंगणातून न्यावा लागेल. अंगण द्यावयास ते तयार आहेत. पाईपचे पैसे कोणी भरावयाचे, हे येत्या ग्रामसभेत ठरावयाचे आहे. दरम्यान बोडीत यंदा शिंगाड्याची रोपे लागली आहेत.